३५ दिवसांनंतर काय?

पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसा दिला, डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभं केलं. मला मात्र मोठा वाटतो तो तिथला बायकांचा 'सहचरी' गट. पिणारा एक, पण आजारी सगळं घर, हे तिथे ओळखलं गेलं. आपल्या धार-देवासात अजून 'जरा घेतात हो' म्हणून दार लोटून घेतात. माणूस ३५ दिवसांचे उपचार घेऊन येतो तो त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत. मग त्याच्या बायकोने बोलायचं कुणाशी? आठवड्यातून एकदा बसायला एक खोली हवी. आपल्या कॉलेजातली एखादी वर्गखोली शनिवारी संध्याकाळी रिकामीच असते ना!