येळवशीच्या बेतात सर्वांचे काहीतरी असावे

यंदा चौथीच्या वर्गाचे वनभोजन येळवशीच्या दिवशी शेतात करायचे ठरले आहे. त्याचा बेत मागच्या शनिवारी झाला. त्या बेताबद्दल मला माझे मत लिहायचे आहे. बाई म्हणाल्या, लिही, पण कोणाचे नाव घालू नको. म्हणून नावे घातली नाहीत.

ज्यांच्या घरी येळवस करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. मार्गशीर्ष महिन्यातल्या अमावस्येला वेळ अमावस्या म्हणतात. बोलताना येळवस म्हणतात. २०२४ साली ती ३० डिसेंबरला सोमवारी आली होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा सण फार मोठा असतो. आपल्या नांदेड जिल्ह्यातही काही भागांत करतात. लातूरला त्या दिवशी कलेक्टर साहेब सुट्टी देतात आणि शहरातले रस्ते मोकळे पडतात, कारण सगळी माणसे शेतात गेलेली असतात. शेतात कडब्याची कोप करतात. कोपीत पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. पूजा झाली की शेतात अंबील शिंपडतात आणि मग जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. ही चाल मला फार आवडते.

जेवणात मुख्य म्हणजे भज्जी. वर्गात काही मुलांना वाटले की भज्जी म्हणजे तळलेली भजी. तसे नाही. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, त्या दिवसांत रानात जे जे असते ते सगळे एका पातेल्यात शिजवतात आणि त्याला बेसन लावतात. सोबत बाजरीची भाकरी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि अंबील. अंबील म्हणजे ज्वारीचे पीठ शिजवून त्यात ताक, लसूण, मीठ घालतात. ती आदल्या दिवशीच करून ठेवावी लागते, म्हणजे चांगली आंबते.

आता बेताचे सांगते. फळ्यावर आपण यादी केली. कोणाच्या नावापुढे तुरीच्या शेंगा, कोणाच्या नावापुढे हरभरा, कोणाच्या नावापुढे दूध. ज्याच्या शेतात जायचे आहे त्याच्या नावापुढे कोप, पातेले आणि पाणी. चार जणांच्या नावापुढे रेघ मारली. त्या चौघांना शेत नाही. त्यात माझे नाव आहे.

माझ्या मैत्रिणीने मला समजावले. ती म्हणाली, "तुला राग काहून आला? तुम्हाला ओझं नको म्हणून तर रेघ मारली. तुम्ही नुसतं जेवायला या." ती मनाने चांगली आहे. तिने हे मुद्दाम केले नाही हे मला माहीत आहे. तरी मला ती रेघ आवडली नाही. का आवडली नाही ते सांगते.

माझ्या आईचे माहेर औसा तालुक्यात आहे. मागच्या येळवशीला आम्ही तिकडे गेलो होतो. माळेगावच्या खंडोबाची यात्रा येळवशीच्या आदल्या दिवशी सुरू होते, आणि ते गाव नांदेडहून लातूरला जायच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या आजीलाही शेत नाही. ती मजुरीला जाते. आम्हाला एका शेतावर जेवायला बोलावले होते. आजीने आदल्या दिवशी अंबील केली. सकाळी बिंदगी डोक्यावर घेऊन चालत शेतात गेली. मी मागे चालत होते. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ही कशाला आणलीस? आमच्याकडं काय कमी हाय का?" त्या हसूनच म्हणाल्या. मग बिंदगी बाभळीच्या सावलीत ठेवली. आम्हाला पोटभर वाढले, दोन वेळा आग्रह केला. भज्जी फार चांगली झाली होती, ते खोटे कशाला सांगू? पण आजीची बिंदगी कोणी उघडलीच नाही. संध्याकाळी आजीने ती भरलेलीच डोक्यावर घेतली आणि आम्ही घरी आलो. त्या अंबिलीची ज्वारी आजीला त्याच शेतात काढणीच्या मजुरीत मिळालेली होती.

घरी मी हे काढले की बाबा म्हणतात, बोलावलं की जावं, खावं, रामराम करून यावं. आपण काही नेले तर बोलावणाऱ्याला वाटते की आपले जेवण ह्यांना पुरत नाही. आई म्हणते, नेलेले डबे ज्याने त्याने उघडावेत, त्यात काय कमी होते? मी आईच्या बाजूची आहे.

मला असे वाटते की भज्जी ही एकट्याच्या शेतातून होतच नाही. एकाकडे तूर असते तर वाटाणा नसतो, दुसऱ्याकडे मेथी असते तर गाजर नसते. मग शेतवालेसुद्धा एकमेकांकडून आणतात. त्यांच्या आणण्याला कोणी ओझे म्हणत नाही. आणि बोरं तर कोणाच्याच शेतातली नसतात, ती बांधावरची आणि गायरानातली. ती कुठे गोड आहेत हे आम्हा चौघांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. जळण लागेल, ते यादीत कोणीच लिहिले नाही. मीठसुद्धा लिहिले नाही! बिनमिठाची भज्जी खाऊन बघा.

शाळेत दुपारची खिचडी सर्वांना सारखी मिळते, ती सरकारची असते, तिथे कोणी काही आणत नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण वनभोजनाला सगळे पिशव्या घेऊन येणार आणि आम्ही चौघे हात हलवत येणार. मग जेवताना आम्ही पाहुणे होऊ. आपल्याच वर्गात पाहुणे व्हायला मला आवडणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की बेत करताना आधी प्रत्येकाला विचारावे, तू काय आणशील. जो काही आणणार नाही म्हणेल त्याची रेघ त्याने स्वतः मारावी. आणि कोणी काही आणले तर ते सगळ्यांत आधी उघडावे, मग ते थोडे असो.

बाकीच्या तिघांना मी विचारले आहे. एक जण बोरं आणणार. एक जण जळण आणि मीठ आणणार. एकाने अजून सांगितले नाही, त्याला कोणी घाई करू नये.

माझ्या नावापुढे पळसाच्या पत्रावळी तीस असे लिहावे. आपण एकवीस आहोत, बाई आहेत आणि वाटेने कोणी आले तर त्यांनाही लागतील. मला टाचता येतात, गोल येतात. फक्त पाने ओली असतानाच टाचावी लागतात, म्हणून दिवस पक्का झाला की मला दोन दिवस आधी सांगावे.