अर्ध्या मिलिमीटरचे भांडवल

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा जवळ आला की प्रवासी होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात. लाटांवर पांढरीशुभ्र भासणारी फायबरची होडी वाळूवर येताच आपले वय सांगू लागते. अंग निस्तेज झालेले, कडा पिवळसर आणि तळहात फिरवला तर त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी. अशा वेळी मालक घाईने रंगाचा डबा तरी आणतो किंवा घासण्याचे यंत्र तरी चालवतो. दोन्हींपूर्वी थोडा हिशेब करणे हिताचे असते.

फायबरच्या होडीची चकाकी ही रंगाची नसते. सर्वांत बाहेर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातील अतिनील किरण त्याचा पृष्ठभाग झिजवतात, त्यात सूक्ष्म छिद्रे पडतात आणि तेथे काजळी व मळ साचतो. हा अर्धा मिलिमीटर म्हणजे होडीचे मुद्दल होय. प्रत्येक घासणीत त्यातील काही अंश कायमचा खर्च होतो.

म्हणून आरंभ सौम्य उपायाने करावा. प्रथम गोड्या पाण्याने व साबणाने होडी धुवावी. पाण्याच्या रेषेलगतचा पिवळा पट्टा बहुधा खाडीतील कुजलेल्या पानांचा किंवा गंजाचा डाग असतो. तो ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने, हातमोजे घालून, निघू शकतो. त्यासाठी घासणीची गरज नाही. मग हातभर जागेवर केवळ रबिंग कंपाउंड लावून पाहावे. तेवढ्याने चमक परतली, तर तेथेच थांबावे.

न परतल्यास वॉटर पेपर घ्यावा. ८०० क्रमांकापासून आरंभ करून १०००, १५०० आणि २००० असे क्रमाने जावे. कागद व पृष्ठभाग सतत ओले ठेवावेत, दर वेळी घासण्याची दिशा बदलावी आणि मधे स्वच्छ धुवावे. जाड कागदाचा एक कण राहिला तरी नवा ओरखडा उमटतो. कडा व कोपरे येथे जेलकोट लवकर झिजतो. तेथे यंत्र न लावता हातानेच काम करावे. आतील काचतंतूंची वीण दिसू लागली, तर मुद्दल संपले असे समजावे. मग रंग किंवा नवा जेलकोट लावण्याखेरीज उपाय नाही. ओली होडी नेहमीच चमकते. त्या चमकीला भुलून कोणताही टप्पा वगळू नये. शेवटी कंपाउंड व पॉलिश मंद गतीच्या बफिंग यंत्राने लावावे आणि यंत्र एका जागी थांबवू नये, अन्यथा थर तापून जळतो.

या कामात जीवदयेचे भान सहज ठेवता येते. घासणीचा गाळ खाडीत जाऊ देऊ नये. खाली ताडपत्री अंथरून तो गोळा करावा. कोरडी धूळ उडत असल्यास कारागिराच्या तोंडावर मुखवटा असलाच पाहिजे. मेण घेताना डब्यावरील माहिती वाचावी. मधमाशांचे मेण टाळणाऱ्यांना ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण उपलब्ध आहे.

आस्रव, संवर आणि निर्जरा समजावताना होडीचाच दृष्टांत दिला जातो. छिद्र बुजवणे हा संवर, आत आलेले पाणी उपसणे ही निर्जरा. छिद्र तसेच ठेवून पाणी उपसणाऱ्याचे श्रम व्यर्थ जातात. घासणीचेही तसेच आहे. मेण न लावता व आच्छादन न घालता होडी पुन्हा उन्हात ठेवली, तर निस्तेजपणा परततो आणि पुढील घासणीला मुद्दल आणखी कमी उरते. वर्षातून दोनदा मेण आणि उभ्या होडीवर जाड कापडाचे आच्छादन, एवढ्या नियमाने तेच मुद्दल पुष्कळ वर्षे पुरते.