सतरा अधिक एक

भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या पाट्यांवर गाडीत किती माणसे बसतात ते लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. '१२ + १', '१७ + १', '२० + १'. अधिकच्या चिन्हाच्या डावीकडे आपण असतो. आपण म्हणजे आजी-आजोबा, सुना-लेकी, मित्रांची कुटुंबे, खिडकीसाठी भांडणारी मुले आणि चिवड्याचे डबे. उजवीकडे एकटा ड्रायव्हर. सतरा अधिक एक म्हणजे अठरा, हे पहिलीतल्या पोरालाही येते. पण सहलीचा बेत आखायला बसलेली मोठी माणसे ती बेरीज सतरावरच थांबवतात.

माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली. तेव्हा आम्हाला एलएफसी मिळे, म्हणजे रजेत केलेल्या प्रवासाचे भाडे बँक देई. एलएफसी म्हटले की आगगाडी, वळकटी आणि स्टेशनावरचा चहा. इंजिन कोण चालवतो हे प्रवाशाला ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याची पाळी ठरलेली, त्याच्या जागी दुसरा येणार हेही ठरलेले. आता चार कुटुंबांनी मिळून गाडी करायची आणि आपल्या मर्जीने हिंडायचे, अशी रीत पडली आहे. रीत चांगलीच आहे. हवे तिथे थांबता येते, म्हाताऱ्यांना जिने चढावे लागत नाहीत, मुलांना मुलांची सोबत होते. मात्र या रीतीत वेळापत्रक करणारे आपण झालो आहोत, आणि रेल्वे आपल्या माणसांच्या पाळ्यांचा जो विचार करते तो आपल्या कागदावर कुठेच नसतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही चार कुटुंबे, लहानमोठी पंधरा माणसे, पुण्याहून निघालो. कोल्हापूर, पन्हाळा, आंबा घाटातून उतरून गणपतीपुळे, रत्नागिरी, मग जयगडच्या फेरीबोटीतून पलीकडे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, पुन्हा धोपाव्याहून बोटीने दाभोळ आणि शेवटी दापोलीजवळचे मुरुड. पाच दिवस, चार रात्री. कोकणात अनेकदा गेलेल्यालाही पुन्हा जावेसे वाटेल असा हा रस्ता आहे. गाडीसकट बोटीत चढून खाडी ओलांडण्यात जी मजा आहे ती कुठल्याही पुलावर नाही.

आता कोटेशन. बँकेत राहिलेला माणूस ते दोनदा वाचतो. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरणार, कमी झाले तरी तेवढ्याचे पैसे. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५०० रुपये. टोल आणि पार्किंग वेगळे. म्हणजे पाच दिवसांत आम्ही १५०० किलोमीटरचे पैसे देणार होतो, आणि आमचा रस्ता मोजला तर नऊशेच्या आतच भरत होता. यावरून आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर फार अस्वस्थ झाले. ''म्हणजे सहाशे किलोमीटर फुकट चालले की!'' असे म्हणून त्यांनी नकाशा पसरला आणि ते सहाशे किलोमीटर वसूल करण्याच्या उद्योगाला लागले. मार्लेश्वर घालू, पावस घालू, जाताना नरसोबाची वाडी करू. यादी वाढत गेली. किलोमीटरचे पैसे भरले आहेत म्हणून ते धावलेच पाहिजेत, हा हिशेब मला कधी कळला नाही. लॉकरचे वर्षाचे भाडे भरले म्हणून कोणी रोज लॉकर उघडायला येत नाही. पण अनेक सहलींची दमछाक या एका 'किमान' शब्दातून होते, आणि ती आपल्याआधी चाकामागे बसलेल्या माणसाची होते.

आमचा ड्रायव्हर पस्तिशीच्या आतला, मराठवाड्यातला, बोलका. मुले त्याला दादा म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. रत्नागिरीत थिबा राजवाड्यापाशी उतरलो तेव्हा त्याने विचारले, ''काका, हा राजा कुठला हो?'' मी सांगितले. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला इथे आणून ठेवले, तो १९१६ साली इथेच वारला. हा वाडा त्याच्यासाठी बांधला. दादा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, ''कितीदा आलो इथं, आत नाही गेलो. गाडी सोडता येत नाही ना.'' पुढे सहज चौकशी केली तेव्हा कळले की वेरूळला तो कैक वेळा गेला आहे, कैलास लेणे त्याने पाहिलेले नाही. पन्हाळ्याची अंधारबाव नाही, मालगुंडचे केशवसुतांचे स्मारक नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक सगळ्या प्रसिद्ध ठिकाणांची पार्किंगची जागा मात्र त्याला डोळे मिटून सांगता येते: कुठे सावली आहे, कुठे नळ आहे, कुठला पोरगा पावती न देता पैसे मागतो.

आपल्या मनात एक पक्की समजूत असते की, आपण फिरत होतो तेवढा वेळ ड्रायव्हर विश्रांती घेत होता. गणपतीपुळ्याला आम्ही टेकडीची प्रदक्षिणा घातली, समुद्रावर बसलो, मोदक खाल्ले; तीन तास गेले. या तीन तासांत त्याला गाडी दोनदा हलवावी लागली, कारण मागून बस आली. एकदा आमच्यातल्याच एकीची शाल गाडीत राहिली म्हणून आम्ही त्याला फोन करून उठवले. काच बंद केली तर उकाडा, उघडी ठेवली तर डास आणि सामानाची काळजी. याला फार तर वाट पाहणे म्हणावे. बँकेत दिवसभर नोटा मोजून उठलेल्या कॅशियरला पुन्हा मोजणीला बसवण्याची वेळ आली, तर चूक होणार हे आम्ही धरूनच चालत असू. तो मधले दोन तास काउंटरमागे नुसता बसला होता, असे कोणी म्हणाले असते तर हसलो असतो.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: ''त्यांना सवय असते.'' या सवयीवर सरकारचाही विश्वास नव्हता. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे लिहिलेले होते. पुढे कायद्यांची मांडणी बदलली, आठ तासांचे तत्त्व राहिले. पण हा कायदा होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी. एका गाडीचा मालक आणि एक ड्रायव्हर, या जोडीकडे बघायला त्यालाही फुरसत नव्हती. त्यातून रस्ते सुधारले. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि ''एका दिवसात नागपूर'' हे वाक्य घराघरांत ऐकू येऊ लागले. याच मार्गावर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जण गेले. त्याची कारणे तपासणाऱ्यांचा तो विषय आहे. मला घड्याळ दिसते: रात्रीचे दीड. त्या वेळी सगळी गाडी झोपलेली असते, आणि एकाने तेवढे जागे असावे एवढ्यावर सगळे सोपवलेले असते.

मुरुडला शेवटच्या दिवशी आमचे भांडण झाले ते यावरूनच. सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दुपारी हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग, संध्याकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. इंजिनिअरसाहेबांचा बेत असा की सूर्यास्त पाहून सातला निघायचे, ताम्हिणीतून रात्री एकपर्यंत पुण्यात. सोमवारी मुलांना ऑफिस. दादाला विचारले तर तो म्हणाला, ''जाऊ की काका, काय हरकत नाही.'' त्याने दुसरे काय म्हणावे? कर्ज मागायला आलेला माणूस हप्ता झेपेल का असे विचारल्यावर जसे उत्तर देतो, तसे ते उत्तर होते. आमच्यातल्या एक बाई निवृत्त नर्स आहेत. रात्रपाळ्यांत आयुष्य गेलेले. त्यांनी सरळ विचारले, ''दादा, काल किती तास झोपलात?'' तो हसला. ''होती की झोप काकू. तुम्ही देवळात गेलात की होती.''

मग उलगडा झाला. आमच्या आदल्या रात्री त्याने मुंबईच्या विमानतळावर माणसे सोडली होती. आम्हाला पुण्यात उतरवून, गाडी धुऊन, सकाळी सहाला त्याला चिंचवडहून लग्नाचे वऱ्हाड घ्यायचे होते. म्हणजे आमच्या गाडीच्या मागे आणि पुढे आणखी दोन गाड्या होत्या, एकाच माणसाच्या.

नर्सबाई आणि मी हटून बसलो, आणखी दोघी आमच्या बाजूने आल्या. एक रात्र वाढली, एका दिवसाचे भाडे वाढले, एका मुलाची रजा गेली. इंजिनिअरसाहेब दुसऱ्या दिवशी माणगावपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. हे सगळे ठीकच. पण दादाला आनंद झाला असेल असे कोणाला वाटत असेल तर तसे झाले नाही. मालकाने फोनवर त्याला जे सुनावले ते आम्हाला अंगणापर्यंत ऐकू आले. वऱ्हाडाची गाडी दुसऱ्याला गेली, तिथली बक्षिसीही गेली. आम्ही भरपाई म्हणून पैसे दिले, ते त्याने घेतले, पण त्याचा चेहरा उतरलेलाच राहिला. त्याच्या दृष्टीने आम्ही त्याची एक चांगली फेरी घालवली होती. एका कुटुंबाच्या एका रात्रीच्या चांगुलपणाने हे गणित सुटत नाही ते असे.

म्हणून ''ड्रायव्हरला घरच्यासारखे वागवा'' या उपदेशावर माझा विश्वास नाही. शाखेत मॅनेजर ''आपण सगळे एक कुटुंब आहोत'' असे म्हणू लागला की ओव्हरटाइम मिळणार नाही, हे शिपायापासून सगळ्यांना कळत असे. काही मंडळी जेवताना ड्रायव्हरला आग्रहाने आपल्या टेबलावर बसवतात. त्याला ते नको असते. तोच अर्धा तास त्याचा स्वतःचा असतो. त्याला घरी फोन करायचा असतो, पाय मोकळे करायचे असतात. हायवेवरच्या पुष्कळ हॉटेलांत ड्रायव्हरला जेवण फुकट मिळते, गिऱ्हाईक आणल्याबद्दल. आपली गाडी नेमकी तिथेच का थांबली, याचेही उत्तर त्यात असते. त्यात मला फारसे गैर वाटत नाही; धंदा आहे. मला बोलायचे आहे ते खाटेबद्दल.

ड्रायव्हर रात्री झोपतो कुठे? बहुधा गाडीतच, मागच्या लांब सीटवर, पाय दुमडून. ज्या हॉटेलात आपल्या खोलीचे भाडे पाच हजार असते, तिथे त्याला रात्री अंघोळीची, संडासाची सोय विचारत हिंडावे लागते. त्या मानाने कोकणातली घरगुती सोय कितीतरी बरी. मुरुडला आमच्या यजमानांनी न सांगता ओटीवर खाट टाकली, पंखा लावून दिला. भत्त्याच्या पाचशे रुपयांतून त्याने खोली घ्यावी, असे कोणी म्हणेल. तो घेणार नाही. त्या पाचशेतले जितके वाचतील तितके घरी जातात, म्हणून तो गाडीत झोपतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. तेव्हा रोख पैसे देऊन उपयोग नाही. आपल्या खोल्यांबरोबर एक खाट त्याच्या नावाने ठरवून, बिलात घालूनच घेतली पाहिजे. तमिळनाडू सरकारने २०२३ साली बांधकामाच्या नियमांत दुरुस्ती करून हॉटेलांना आणि लॉजना पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची जागा आणि स्वच्छतागृह ठेवणे सक्तीचे केले. गाड्या उभ्या करायला किती जागा सोडली हे नकाशा मंजूर करताना पाहिलेच जाते. गाडी आणणारा माणूस कुठे आडवा होणार हेही त्याच वेळी पाहता येईल. मुंबईला हे अवघड जाऊ नये.

तोवर जे हातात आहे ते असे. गाडी ठरवताना विचारावे की आदल्या रात्री ही गाडी कुठे आहे आणि ड्रायव्हर तोच आहे का. मालक चिडतात, पण सांगतात. किती वाजता निघायचे याबरोबर गाडी किती वाजता थांबणार हेही आपल्या कागदावर लिहावे. जेवणानंतर आइस्क्रीम खायला चालत जावे.

मार्चमध्ये आम्ही श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे जाणार आहोत. इंजिनिअरसाहेबही येणार आहेत, बोलणे सुरू झाले आहे. परवा मी चार ठिकाणी फोन केले आणि खोल्यांच्या आधी ड्रायव्हरच्या झोपण्याची चौकशी केली. दोघे म्हणाले, ''गाडीतच झोपतात हो सगळे.'' तिसऱ्याला प्रश्नच कळला नाही. चौथ्या ठिकाणी एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, पडवीत खाट आहे, मच्छरदाणी आहे, गरम पाणी सकाळी सहानंतर मिळेल. खोल्यांतून समुद्र दिसत नाही, हे त्यांनी आपणहूनच सांगितले. मी चार खोल्या आणि एक खाट ठरवून टाकली.