यंत्राकडून ब्राउझर चालविणें : आरंभ कोठून करावा ?

आपल्या विद्यार्थ्यांत हल्लीं आज्ञावली लिहिण्याची हौस वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांतही ब्राउझर आपोआप चालविणाऱ्या आज्ञावलीचें वेड विशेष दिसतें. कोणाचाही हात न लागतां पान उघडतें, रकान्यांत अक्षरें उमटतात, बटण दाबलें जातें; हें पाहून मुलांस मौज वाटते आणि पालकांस थोडी धास्ती. आमच्या मतें मौज रास्त आहे, व धास्तीही अगदींच निराधार नाहीं. ही विद्या शाळेंत अवश्य शिकवावी. मात्र तिचा आरंभ कोठून करावयाचा हें आधीं ठरवावें.

मुळांत ही विद्या निघाली ती कंटाळ्यांतून. २००४ सालीं शिकागो शहरीं थॉटवर्क्स या कंपनींत जेसन हगिन्स नांवाचे गृहस्थ कर्मचाऱ्यांच्या वेळेची व खर्चाची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर काम करीत होते. कोडांत कांहीं बदल केला कीं तेच अर्ज पुन्हां भरून आणि तींच बटणें पुन्हां दाबून सर्व ठीक चालतें कीं नाहीं हें पाहावें लागे. ही हमाली ब्राउझरकडूनच करवून घेण्यासाठीं त्यांनीं जें साधन रचिलें, तेंच सेलेनियम. (नांवामागें थट्टा आहे. मर्क्युरी नांवाची एक कंपनी अशाच तपासणीचीं साधनें विकीत असे. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा मानितात!) पुढें गूगलनें २०१७ सालीं पपेटियर व मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं प्लेराइट हीं तशींच साधनें काढिलीं.

या उद्योगांत मुंबईचाही वांटा आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले रितेश अरोरा व नकुल अगरवाल यांनीं २०११ सालीं ब्राउझरस्टॅक ही कंपनी काढिली. एकच पान एका ब्राउझरांत नीट दिसतें व दुसऱ्यांत मोडतें. एका फोनवर बटण चालतें, दुसऱ्यावर चालत नाहीं. तपासणीसाठीं इतके फोन विकत घेऊन ठेवणें कोणास परवडणार ? या कंपनीनें ते आपल्याकडे मांडून ठेविले आणि दुरून वापरण्यास भाड्यानें दिले. देशोदेशींचे लोक आपल्या आज्ञावल्या त्यांवर चालवून पाहतात. पवई मनोरीपासून कांहीं फार लांब नव्हे.

आरंभास साहित्य थोडें लागतें. संगणकावर पायथन, त्यांत सेलेनियम आणि नेहमींचा एखादा ब्राउझर असला म्हणजे झालें. आज्ञावली व ब्राउझर यांमध्यें ड्रायव्हर नांवाचा एक दुभाष्या असतो. पूर्वीं तो ब्राउझरच्या आवृत्तीशीं जुळता असा शोधून आणावा लागे, २०२२ पासून सेलेनियम तो आपणच आणतें. आज्ञाही चारपांचच : पान उघड, अमुक रकाना शोध, त्यांत हें लिही, तें बटण दाब, आणि थांब. यांपैकीं ‘शोध’ व ‘थांब’ या दोहोंत निम्मी विद्या आहे.

नवख्या पाहुण्यास ‘क्रुसापासून तिसरें घर’ अशी खूण सांगितली, तर मध्यें एखादें नवें घर उठतांच तो चुकेल. घराचें नांव सांगितलें तर चुकणार नाहीं. पानावरील रकानाही ‘वरून तिसरा’ असा शोधूं नये. पानाच्या रचनेंत बहुधा त्यास स्वतःचा आयडी दिलेला असतो, त्यानें शोधावा. माऊसचें उजवें बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय निवडिला कीं पानाचे आंतले वासे दिसूं लागतात. तेथें तो सांपडतो.

थांबण्याचें तर विचारूंच नये. मार्व्याच्या धक्क्यावर उभा असलेला मनुष्य पांच मिनिटें झालीं म्हणून पाऊल पुढें टाकीत नाहीं. बोट धक्क्यास लागली हें पाहून टाकितो. नवशिके मात्र ‘पांच सेकंद थांब’ असें लिहून मोकळे होतात. इंटरनेट मंद असेल त्या दिवशीं पान सहा सेकंदांनीं येतें आणि आज्ञावली पाण्यांत पडते. जलद असेल त्या दिवशीं चार सेकंद फुकट जातात. ‘अमुक बटण दिसेपर्यंत, फार तर वीस सेकंद, थांब’ अशी सोय सेलेनियममध्यें आहे. पहिल्या दिवसापासून तीच शिकावी.

आतां धास्तीचा विषय. दोन धडे झाले न झाले तोंच मुलाच्या मनांत येतें कीं, आपण रेल्वेचें तत्काळ तिकीट यंत्राकडून काढावें. वेलंकनीची यात्रा किंवा गणपतीची सुट्टी जवळ आली कीं घरचींच माणसें हा विचार सुचवितात. पण हा मार्ग आधींच फार मळलेला आहे. तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पांच मिनिटांत प्रवेशाचे निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात, असें रेल्वे मंत्रालयानें जून २०२५ मध्यें सांगितलें; अडीच कोटी संशयास्पद खातीं बंद केल्याचेंही जाहीर केलें. जुलै २०२५ पासून या तिकिटांस आधारची पडताळणी आवश्यक झाली. परवानगीवांचून तिकिटें मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ अन्वयें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि हें कलम ऑनलाइन तिकिटांसही लागू आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें दिला.

कोणी पालक म्हणतील, धंदा वाईट. परंतु मुलानें घरच्यापुरतें एक तिकीट काढिलें तर काय बिघडलें? कलम धंद्याविषयीं आहे, हें खरें. पण रांग एकच आहे. यंत्रानें क्षणार्धांत भरलेला अर्ज ज्याच्या पुढें जातो तो दलाल नसतो. फोनवर एका बोटानें बायकोमुलांचीं नांवें व वयें लिहीत बसलेला कोणी मजूर असतो. धक्क्यावर रांग मोडून बोटींत शिरणाऱ्यास गांवांत काय म्हणतात, हें आपल्या मुलांस चांगलें ठाऊक आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पहिलें पान विद्यार्थ्यांनीं स्वतःच तयार करावें. शाळेच्या क्रीडादिनासाठीं नांवें नोंदविण्याचा साधा अर्ज पुरे. तो आपल्याच संगणकावर राहील, कोणाची रांग अडणार नाहीं, आणि खरा पासवर्ड कोडांत लिहिण्याचा मोहही होणार नाहीं. मग त्यावर आज्ञावली सोडावी : वय कोरें ठेव, फोनचे नऊच आंकडे लिही, नांव मराठींत लिही, आणि प्रत्येक वेळीं अर्ज काय म्हणतो तें टिपून घे. शंभर वेळां हें करण्यास माणूस कंटाळेल, यंत्र कंटाळणार नाहीं.

यांत एक परीक्षा आपल्या गांवच्या उपयोगाची आहे. डिसोझा, डिमेलो हीं आडनांवें इंग्रजींत लिहितांना ‘डि’ पुढें स्वल्पविरामासारखें एक वरचें चिन्ह पडतें. कित्येक अर्ज त्या चिन्हावर अडून बसतात, ‘नांव अयोग्य आहे’ असें तांबड्या अक्षरांत सांगतात, आणि चिन्ह गाळून भरावें तर पुढें दाखल्यावरील नांवाशीं तें जुळत नाहीं. अर्ज रचणाऱ्यानें असें एक नांव जरी आधीं भरून पाहिलें असतें, तरी हा घोळ झाला नसता. वर्गाच्या हजेरीपटांत अशीं आडनांवें सांपडतील; विद्यार्थ्यांच्या पहिल्या आज्ञावलीनें तींच आपल्या अर्जांत एकामागून एक भरावीं, आणि कोणतें नाकारलें गेलें तें वहींत लिहून ठेवावें.