प्रत काढणारा प्रत्येक जण चोर नसतो

१९८० साली अमेरिकेने कॉपीराइट कायदा बदलला आणि संगणकाचा प्रोग्रॅम विकत घेणाऱ्याला स्वतःपुरती राखीव प्रत काढण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण प्रत निघेना! ॲपल टू, कमोडोर ६४ यांसारख्या घरगुती संगणकांचे प्रोग्रॅम फ्लॉपीवर येत. धूळ बसली, लोहचुंबक जवळ आला की फ्लॉपी निकामी. तरी साध्या आज्ञेने नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या तिच्यावर मुद्दाम वेगळ्या रीतीने माहिती लिहीत.

म्हणून 'लॉकस्मिथ', 'कॉपी टू प्लस' असे प्रोग्रॅम निघाले. त्यांचा उपयोग चोरांनीही केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९८८ साली 'व्हॉल्ट विरुद्ध क्वेड' खटल्यात अपील न्यायालयाने अशा साधनाचा रास्त उपयोगही मान्य केला आणि ते विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. चोर कुलूप तोडतोच. अडतो तो पैसे मोजणारा इमानदार गिऱ्हाईक. हक्क द्यायचा आणि तो बजावण्याचे साधन हिरावायचे, ही कुठली रीत? त्या काळातले अनेक प्रोग्रॅम आज शिल्लक आहेत, तेही कुलूप तोडून काढलेल्या प्रतींमुळेच.