औषधांना न जुमानणारा अपस्मार : शस्त्रक्रियेचा विचार कधी करायचा?

खडवली : भातसा नदीचे पात्र आणि रेल्वेचा फलाट. खडवलीच्या रोजच्या जगण्यातील या दोन्ही जागा अपस्माराच्या रुग्णासाठी धोक्याच्या आहेत. पाण्यात उतरल्यावर किंवा फलाटाच्या कडेला उभे असताना शुद्ध हरपली, तर अर्ध्या मिनिटाची आकडीही जिवावर बेतू शकते. त्यामुळे ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे त्याला नदीवर पाठवले जात नाही आणि कसारा लोकलने एकट्याने प्रवास करू दिला जात नाही. गोळ्या मात्र वर्षानुवर्षे सुरू असतात. आकड्याही सुरूच असतात. ‘औषध चालू आहे ना’ या समाधानापलीकडे जाऊन पुढचा प्रश्न विचारणारे फार थोडे.

हा पुढचा प्रश्न मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आहे. तो ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी हादरतात, हे स्वाभाविकच. पण त्याकडे भीतीच्या नव्हे, तर आकड्यांच्या आधारे पाहिले पाहिजे.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. ग्लासगो येथील पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी कोणताही उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने आकडीमुक्त झाले. दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने त्यात आणखी १४ टक्क्यांची भर पडली. दोन औषधे एकत्र देऊन मिळालेले यश अवघे ३ टक्के होते. म्हणजे दोन औषधे हरली, की चौथ्या-पाचव्या गोळीकडून फारशी आशा उरत नाही. याच अनुभवातून आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० मध्ये व्याख्या केली : योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे अपयशी ठरली, तर तो अपस्मार औषधांना न जुमानणारा मानावा.

या व्याख्येतील ‘योग्य’ आणि ‘पुरेशा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहाटेची गाडी पकडण्यासाठी रोज अपुरी झोप घेणारा, महिनाअखेरीस गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस तसेच काढणारा रुग्ण औषधाला न जुमानणारा ठरत नाही. काही वेळा मुळात निदानच चुकलेले असते. मानसिक ताणातून येणारे झटके किंवा साधी भोवळ यांनाही आकडी समजून वर्षे वाया जातात. शस्त्रक्रियेची चर्चा त्यानंतरची.

येथे एक मोठा गैरसमज आड येतो. तपासणीसाठी मोठ्या केंद्रात जाणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे, असे अनेक कुटुंबांना वाटते. तसे मुळीच नाही. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात आधी पाहिले जाते ते आकडी मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून सुरू होते आणि तो भाग काढता येण्याजोगा आहे का. त्यासाठी रुग्णाला काही दिवस दाखल करून डोक्याला तारा जोडतात आणि सतत चित्रीकरण करतात. औषध मुद्दाम कमी केले जाते, जेणेकरून डॉक्टरांच्या नजरेसमोर आकडी यावी. नातेवाइकांना हे विचित्र वाटते. ज्या गोष्टीपासून पळालो, तिचीच वाट पाहायची! सोबतीला विशेष पद्धतीने काढलेला एमआरआय आणि स्मरणशक्ती, भाषा यांची चाचणी असते. एवढे करून अनेकांना ‘शस्त्रक्रिया उपयोगाची नाही’ असेच उत्तर मिळते. तेही उत्तर मोलाचे असते.

सर्वाधिक लाभ होतो तो कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या टेम्पोरल खंडातून उद्‌भवणाऱ्या अपस्मारात. पोटातून काही तरी वर चढत असल्याची जाणीव, मग शून्यात नजर, ओठ चावळणे, हाताने कपडे चाचपणे ही त्याची ठरावीक लक्षणे. यात पूर्ण शरीर झटकत नसल्याने ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात आणि कांदा-चप्पल हुंगवण्यात काळ जातो. कॅनडातील सॅम्युएल वीब आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा ८० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या आकड्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवरील गटात ८ टक्के. दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१७ मध्ये ११६ मुलांवरील अभ्यास मांडला, त्यात हे प्रमाण ७७ विरुद्ध ७ टक्के होते. औषधांच्या जगात एवढा फरक क्वचितच दिसतो.

मात्र नाण्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ‘एम्स’च्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर स्वरूपाचे त्रास झाले; त्यांत शरीराची एक बाजू लुळी पडणे प्रमुख होते. मेंदूचा कोणता भाग काढायचा यावर त्यातील बराचसा त्रास आधीच अपेक्षित असतो, पण पालकांनी तो आधी ऐकायला हवा. टेम्पोरल शस्त्रक्रियेत दृष्टीच्या वरच्या कोपऱ्याचा काही भाग जाऊ शकतो. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असेल, तर नावे व शब्द आठवण्यावर परिणाम होण्याची शक्यता असते. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील मुलासाठी ही गौण बाब नव्हे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले गेले आणि नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. आजच्या स्मृतिचाचण्यांमागे त्या घटनेचा धडा आहे.

यशही कायमचे असतेच असे नाही. लंडनमधील ६१५ रुग्णांच्या २०११ च्या पाहणीत पाच वर्षे आकडीविना राहिलेले ५२ टक्के, तर दहा वर्षे राहिलेले ४७ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर गोळ्याही लगेच बंद होत नाहीत. ‘एकदा कापले की सुटलो’ या अपेक्षेने जाणाऱ्यांची निराशा होते.

तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे बहुधा कोणी मोजत नाही. आकड्या सुरू ठेवणे हाही जोखमीचाच मार्ग आहे. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला सुमारे एकाचा अचानक, अन्य कारणाविना मृत्यू होतो. आवर न घातलेल्या मोठ्या आकड्या हे त्याचे सर्वांत मोठे कारण. बुडणे, भाजणे, पडणे वेगळेच. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराची विचारणा होते, नोकरी टिकत नाही, शिक्षण तुटते. पाश्चात्त्य देशांतही पहिली आकडी आणि शस्त्रक्रिया यांत सरासरी वीस वर्षांच्या आसपास अंतर पडल्याचे आढळले आहे. वयाच्या चाळिशीत आकडी थांबली, तरी विशीतली नोकरी परत मिळत नाही.

आपल्याकडे विलंबाला आणखी एक कारण आहे : लग्न. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायदा बदलला, पण स्थळ मोडेल ही धास्ती गेली नाही. मुलीचा आजार सासरी लपवला जातो, गोळ्या चोरून घेतल्या जातात किंवा थांबवल्या जातात. अशा घरातून आठवडाभर रुग्णालयात दाखल व्हायचे, तारा लावून घ्यायच्या आणि कदाचित केस भादरायचे, हे कसे घडावे?

भारतासाठी ही शस्त्रक्रिया नवीन नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जेकब चांडी यांनी १९५२ मध्येच ती केली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा कार्यक्रम १९९५ पासून चालू असून देशभरातील रुग्ण तेथे जातात. अडचण तंत्राची नाही, ती रुग्णाला तिथवर पोहोचवण्याची आहे. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांच्या घरात जातो, तर सार्वजनिक रुग्णालयात रांग मोठी. ग्रामीण कल्याणमधील डॉक्टरने दोन औषधांनंतर स्वतःहून ‘मोठ्या केंद्रात दाखवा’ असे लेखी द्यावे, एवढी साधी पद्धतही आपण रुजवू शकलेलो नाही. चिठ्ठीवरची तिसरी, चौथी गोळी लिहिणे सोपे पडते.

खडवलीहून परळ गाठायचे, तर कामाचा एक संपूर्ण दिवस जातो. तो सार्थकी लागावा यासाठी काही कागद सोबत हवेत. आजवरच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि ती का बंद केली याची नोंद. आकड्यांच्या तारखांची वही. जुन्या एमआरआयच्या मूळ फिल्म किंवा सीडी, केवळ अहवाल नव्हे. आकडीचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण असल्यास निदानाला मोठी मदत होते. ज्याने आकडी प्रत्यक्ष पाहिली आहे, अशा घरच्या माणसाने सोबत जावे, कारण रुग्णाला स्वतःला त्यातले काही आठवत नसते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात आरोग्यमित्राकडे कोणते उपचार योजनेत बसतात याची चौकशी त्याच फेरीत करून घ्यावी.