तिसरं मूल मागण्याआधी दोघांना काम द्या

परवा आमच्या तालुक्यात एका सत्कार समारंभात पाहुणे म्हणाले, "देश म्हातारा होत चाललाय, प्रत्येक घरात तीन मुलं हवीत." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर दोघातिघांनी कारण विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पाहुणे काही एकटे नाहीत. २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू हेच बोलले. त्याच वर्षी सरसंघचालक मोहन भागवत यांनीही दोनपेक्षा जास्त मुलं हवीत असं सांगितलं. त्यांची काळजी खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे.

आधी हिशेब समजून घ्या. १५ ते ६४ वयाच्या दर शंभर माणसांमागे लहान मुलं आणि म्हातारी माणसं मिळून किती, याला अवलंबित्व गुणोत्तर म्हणतात. १९६० च्या दशकात आपल्या देशात हा आकडा ऐंशीच्या घरात होता आणि त्यात बहुतेक सगळी लहान मुलंच होती. आज तो पन्नासच्या खाली आलाय. कारण तेव्हा एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं व्हायची, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती दोनवर आली. खाणारी तोंडं कमी, काम करणारे हात जास्त. 'तरुण देश' म्हणून आपण जी छाती फुगवतो ती यावरच.

पण हे दिवस कायमचे नाहीत. आजचा तरुण उद्या साठीचा होणारच. २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक ८.६ टक्के होते, २०३६ मध्ये ते १५ टक्क्यांच्या आसपास जातील असा सरकारचाच अंदाज आहे. म्हणजे खाली आलेला आकडा पुन्हा चढणार, आणि या वेळी मुलांमुळे नाही, म्हाताऱ्यांमुळे. महाराष्ट्रात तर हे देशाच्या आधी होईल. त्याच सर्वेक्षणात आपला जन्मदर १.७ निघाला, केरळच्या १.८ पेक्षाही कमी!

मग तिसऱ्या मुलाने काय होईल? आज जन्मलेलं पोर कमवायला लागेल २०४५ च्या पुढे. तोवर ते स्वतःच अवलंबून. म्हणजे घरात म्हातारे वाढतायत त्याच वेळी मुलंही वाढवायची, आणि त्यांच्या आईने कामधंदा सोडून दोन्हीकडचं बघायचं. चीनने २०१६ ला दोन आणि २०२१ ला तीन मुलांची परवानगी दिली, तरी २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटतेय. भाषणं ऐकून कुणी मुलं जन्माला घालत नाही. लोक शाळेची फी, घरभाडं आणि नोकरी बघतात.

आता खरं दुखणं. माझा पुतण्या २९ वर्षांचा. सहा वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देतोय. त्याच्या खोलीचे आणि मेसचे पैसे कोण देतं? त्याचे आजोबा, म्हणजे आमचे काका. वय ७६, निवृत्त शिक्षक, पेन्शनमधून देतात. सरकारच्या गुणोत्तरात मात्र पुतण्या पोशिंदा आणि काका अवलंबून! सांगा, कोण कुणाला पोसतंय?

आणि आमचं घर काही वेगळं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. ही सगळी पोरं कागदावर 'कमावत्या वयाची'. बायकांचं तर विचारूच नका. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरांतल्या १५ वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी जेमतेम २८ जणी काम करत होत्या किंवा शोधत होत्या. बाकीच्या घरात राबतात, पण त्याचा पगार नाही आणि म्हातारपणी पेन्शनही नाही. कागदावरचं गुणोत्तर पन्नासच्या खाली असेल, घराघरातलं खूप वर आहे.

उद्या ही माणसं म्हातारी होतील तेव्हा त्यांच्यासाठी काय ठेवलंय? दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या माणसाला वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये. पंधरा वर्षांहून जास्त काळ तेवढाच आहे. राज्याची भर घालून श्रावणबाळ योजनेत १५०० मिळतात. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि दवाखान्याची एक फेरी केली की संपले!

जपान म्हातारा झाला, पण आधी श्रीमंत झाला. कोरियाने हात जास्त होते त्या काळात कारखाने उभे केले, पोरांना काम दिलं. आपल्याकडे ती वेळ आत्ता आहे आणि ती भरतीच्या तारखांची वाट बघण्यात चाललीय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. येत्या निवडणुकीत दारात येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तालुक्यात पोरांना काम कुठे देणार? बायकांना कामावर जाता यावं म्हणून पाळणाघर आणि वेळेवरची एसटी कधी देणार? आणि ते २०० रुपये कधी वाढवणार?

घरात किती मुलं असावीत ते नवरा-बायको ठरवतील. तुम्ही आहेत त्यांचं बघा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आकडे घेऊन या.